दुसऱ्याच्या बांधीतला प्रोसेसर

करडी, ता. मोहाडी
कोजागिरीच्या आदल्या दिवशी

श्री. धनंजयराव यांना टिकारामचा नमस्कार.

(तुम्ही माझे धाकटे साळे, आजवर 'तू' म्हणत आलो. पण ज्याचा अपराध केला त्याला 'तू' म्हणवत नाही, म्हणून आज 'राव'.) पुण्यात तुमची तब्येत ठीक असेल, सौ. तृप्तीचा खोकला गेला असेल. इकडे धान चांगला निसवला आहे, लोंब्या भरदार आहेत. तुमची ताई रुखमा खुशाल आहे, फक्त चार दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण सांगायलाच हे पत्र. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही.

मागच्या वर्षी वैशाखात तुमची वरात चिखल्याला गेली. नवरदेवाच्या आईने लग्न लावायला जायचं नाही ही तुमच्या घरची रीत, म्हणून मंदाबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, इथे करडीत घरीच थांबल्या. एकुलत्या एका मुलाचं लग्न त्यांना फक्त माझ्या व्हिडिओतच दिसणार होतं, आणि मी काय साधा माणूस, करडीतल्या एकमेव फोटो-स्टुडिओचा मालक! आठ दिवसांत देतो म्हणालो. नेमकं तेव्हाच तुम्ही म्हणालात, भाऊजी, कॉम्प्युटर म्हातारा झाला, बाजारात नवा प्रोसेसर आलाय, तिप्पट वेगाने काम करतो. (दोष देत नाही, फक्त आठवण करून देतो.)

आता आमच्या बाबांचा नियम तुम्हाला माहीत आहे. धानाचं नवं वाण निघालं की पहिल्या वर्षी आपल्या बांधीत घालायचं नाही. दुसऱ्याच्या शेतात एक हंगाम पाहायचं, रोग येतो का, लोळतं का, उतारा किती पडतो, आणि मगच बी आणायचं. या नियमाने आमच्या चार एकरांत कधी धोका झाला नाही. तोच मी प्रोसेसरला लावला. तुमसरच्या मधुकररावांनी आपल्या स्टुडिओत तो नवा बसवला होता. मी दर बाजाराच्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. गरम होतो का, वीज कमीजास्त झाली तर टिकतो का, सगळं वहीत लिहून आणायचो. (एकदा तर त्या डब्याच्या मागे हात लावून बसलो होतो, ताप पाहतात तसा. मधुकररावांनी चहा विचारणंच बंद केलं.) दिवाळीत धान घरी आला, प्रोसेसरही पसंत पडला, आणि मी भंडाऱ्याला दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "ते जुनं झालं ना भाऊ. आता याच्यापेक्षा भारी आलं. पण त्याले मदरबोर्ड बी बदलावा लागते."

म्हणजे हे वाणच नवीन! मग तेही एक हंगाम पाहणं आलं. उन्हाळी धान निघेपर्यंत पाहिलं. मे महिन्यात पुन्हा गेलो, तर दुकानदार म्हणतो, थांबून जा, आणखी एक येऊन राहिला. मला त्याचा रागसुद्धा आला नाही. उलट आपण घाई केली नाही याचं समाधान वाटलं, असा मी शहाणा.

या सगळ्या काळात सासूबाई आठवड्यातून एकदा दारात यायच्या. "जवाईबापू, माह्या धनूचं लगन मले कधी दाखवता जी?" मी म्हणायचो, नव्या मशीनवर झकास करून देतो. त्या मान हलवून जायच्या. श्रावणात त्या येताना उंबऱ्याला अडखळल्या. मला वाटलं, चप्पल. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. उजेड आणि हलणारी सावली, एवढंच आता त्यांना दिसतं. "धनूले सांगू नोका, तो नोकरी सोडून धावत येईन," असं त्यांनी बजावलं होतं. ते मी आज मोडतो आहे.

मग मी त्याच म्हाताऱ्या कॉम्प्युटरचं झाकण काढलं, समोर टेबलफॅन लावला आणि कामाला बसलो. धनंजयराव, अकरा तासांत व्हिडिओ तयार झाला. अकरा तास वाचवायला मी सतरा महिने थांबलो.

चार दिवसांपूर्वी सासूबाईंना टीव्हीसमोर बसवलं. मी फार मेहनतीने पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी लावली होती. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "गाने बंद करा जी. धनू काय बोलून राहिला ते आयकू द्या." मी गाणी बंद केली. खाली काहीच नव्हतं. तुमचा आवाज, मंगलाष्टकं, सगळं मीच पुसलं होतं. रुखमा उठून आत गेली, ती अजून बोलत नाही. मला फार वाईट वाटतं.

तुमचा अपराधी भाऊजी,
टिकाराम

ता. क. मूळ चित्रण शाबूत आहे, घाबरू नका. गाण्यांशिवाय पुन्हा बनवतो आहे, याच कॉम्प्युटरवर.

ता. क. २. दुकानदाराचा परवा फोन होता, तो तिसरा आला म्हणे. मी भाव विचारला. फक्त विचारला.

ता. क. ३. खरं काम हे. सोबत पेनड्राइव्ह पाठवतो आहे. तुम्ही आणि तृप्ती तो लावून बसा आणि जे दिसतं ते आईला सांगत जा, धनू कुठे उभा आहे, शालू कोणत्या रंगाचा, कोण रडतंय, कोण हसतंय. ते मोबाईलवर बोलून मला पाठवा, मी चित्राला जोडतो. नवा मोबाईल घ्यायचा विचार असेल तर तो नंतर घ्या. आहे त्याच्यावरच बोला.