वाण्याच्या वहीतलं नाव

लालबाग, फेब्रुवारी १९५६

कुंदाच्या बाबांस,

तुम्ही संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेलात त्याला महिना झाला. इस्पितळ, चौकी, तुरुंग, सगळीकडे शोधलं. पत्ताच नाही, म्हणून हे पत्र ट्रंकेतच राहील. उद्या भाऊ आम्हाला गावी नेतोय. उधारी ठेवून कशी जाऊ? कानातल्या कुड्या मोडल्या आणि वाण्याकडे गेले.

नव्या मुनिमाने विचारलं, "खातं कुणाच्या नावावर?"

उखाण्याशिवाय तुमचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. आज घेतलं. "धाकू सखाराम परब."

त्याने पैसे घेतले आणि त्याच नावावर काट मारली.

मग घरापर्यंत मी ते नाव मोठमोठ्याने घेत आले. लोक बघत राहिले. बघेनात का! अहो, एकदा तरी ओ द्या.

तुमचीच,
कुंदाची आई