गिळलेला स्वल्पविराम

प्रिय एव्हारिस्तो,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू हे न फोडताच शेगडीत टाकशील, म्हणून पत्ता मी तुझ्या बहिणीकडून, ओफेलियाकडून लिहून घेतला. लबाडीच आहे ही. पण माझा फोन तू तीन वर्षं उचललेला नाहीस, आणि मी तरी कुठल्या तोंडाने तुझ्या दारात उभी राहू?

कोर्दोबात यंदा हिवाळा लवकर आला, मे महिन्यातच थंडी पडली. आपल्या सॉफ्टवेअरच्या सहकारी संस्थेत आपण सातजण उरलो आहोत. बघ, अजून तुला धरूनच मोजते मी. धोक्याचा भोंगा वाजवणारी आपली सिस्टिम अजूनही गावोगावच्या दवाखान्यांत, शीतगृहांत चालते. कुठे कुठे, ते मात्र आता कुणालाच नीट ठाऊक नाही. ते तुझ्या डोक्यात होतं.

लागुना पार्दाचं पाणी-केंद्र तुला आठवतच असेल. तिथली सेटिंगची फाइल तू स्वतः लिहिली होतीस, आपल्या जुन्या पद्धतीची. पाण्यात क्लोरीन 1,5 च्या, म्हणजे दीडच्या वर गेलं की भोंगा वाजायचा. दशांशाला स्वल्पविराम, इथलं शाळेतलं पोरही लिहितं तसा. तिथला पंप सांभाळणाऱ्या नासारेनोने आपल्याला बळेबळे जेवायला ठेवून घेतलं होतं, आणि त्याची बायको आपल्याला नवरा-बायको समजून तुला म्हणाली होती, "एवढा हडकुळा माणूस, हिच्या घरी चूल पेटते की नाही?" बसमध्ये बसेपर्यंत तू हसत होतास.

गेल्या महिन्यात त्याच नासारेनोचा फोन आला. दुपारचे दोन वाजले होते, मी आपल्या कडू 'माते' चहाचं पाणी तापत ठेवलं होतं. "काय झुलेमाबाई, जादूच केलीत की! जुना संगणक मेला, नव्यावर तुमचं नवं व्हर्जन टाकलं, फाइल होती तशीच उचलून ठेवली, आणि आठ दिवस झाले, भोंग्याची कटकट बंद! आधी मेला रोज बोंबलायचा."

 नवं व्हर्जन तो स्वल्पविराम गिळतं, हे मला माहीत होतं. 1,5 चं ते मुकाट्याने 15 करतं. भोंगा आता पंधराची वाट बघत गप्प बसला होता.

मी विचारलं, "नासारेनो, पडद्यावर आकडा किती आहे?"

"थांबा हं, चष्मा घालतो... अकरा. का हो? बायको म्हणतेच आहे, पाण्याला वास मारतो म्हणून."

"पंप बंद करा. आत्ता!"

"अहो, साहेब झोपलेत. दुपारच्या वेळी त्यांना उठवलं तर माझी नोकरी—"

"त्यांना नंतर उठवा! आधी पंप बंद करा, मग गावभर सांगा, नळाचं पाणी कुणी तोंडाला लावू नका."

फोन न ठेवताच तो पळाला. रिसीव्हरमधून त्याच्या चपलांचा आवाज लांब जाताना ऐकू आला, मग नुसती घरघर. सहा मिनिटं मी ती घरघर ऐकत उभी होते. नऊ हजार लोकांचं गाव. किती घरांत त्या क्षणी ग्लास भरला जात असेल, कुणाचं बाळ आंघोळीला बसलं असेल, एवढंच डोक्यात. शेगडीवरचं पाणी उकळून आटून गेलं, तेही कळलं नाही.

अकराजणांना दवाखान्यात न्यावं लागलं. डोळे चुरचुरणं, घसा भाजणं, उलट्या. दहाजण चार दिवसांत घरी गेले. अकराव्या रामोनाआजी, वय ब्याऐंशी. त्या आठवडाभर त्याच पाण्याची वाफ घेत होत्या, आणि फुप्फुसं आधीच अधू. नऊ दिवस त्या श्वासाच्या नळीवर होत्या. मी तिथंच व्हरांड्यात बसून असायचे. त्यांची मुलगी मला नुसती दुरुस्तीला आलेली संगणकवाली समजून कॉफी आणून द्यायची. तिला खरं सांगायला माझी जीभ आठव्या दिवशी उचलली.  तिने कप माझ्या हातातून काढून घेतला. आजी वाचल्या, पण आता जिना चढू शकत नाहीत.

मग आम्ही उरलेली गावं शोधायला लागलो. जुनी बिलं, बसची तिकिटं, तुझ्या कप्प्यातले कागद, सगळं उपसलं. एकोणीस ठिकाणं निघाली. त्यांतली तीन जुन्या फाइलवर चालणारी, एक तर लहान मुलांच्या दवाखान्यातली. तिन्ही ठिकाणी मी लगेच फोन लावले. सुदैवाने तिथं अजून कुणी नवं व्हर्जन टाकलं नव्हतं. तू लिहिलेला, जुन्या फाइली वाचणारा सगळा भाग मी नव्या व्हर्जनमधून काढला होता, तो परत घातला आहे. आणि जे समजत नाही ते सिस्टिम आता ओरडून नाकारते, अंदाज करत नाही. विसावं ठिकाण राहून गेलं असेल का, या भीतीने मी अजून फोन वाजला की दचकते.

पण खरी भीती ती नव्हे. पत्ता लिहून देताना ओफेलिया सहज बोलून गेली, तू आता सगळं वहीत टिपून ठेवतोस, दर सहा महिन्यांनी मेंदोसाला जाऊन स्मरणशक्तीच्या तपासण्या करून घेतोस, वडिलांचं दुखणं तुझ्यातही उतरलंय असं म्हणतोस. एव्हारिस्तो, तुला काहीही झालेलं नाही. तीन वर्षांपूर्वी आईस्क्रीमच्या कारखान्यातला माल वितळला, तेव्हा सभेत तू म्हणालास, "मी झुलेमाला आधीच मेल केली होती, स्वल्पविराम गिळला जाईल म्हणून." आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "अशी मेल आलीच नाही. हल्ली तू विसरतोस." मेल आली होती. मंगळवारी, सकाळी नऊ चाळीसला. त्यात लागुना पार्दाचं नावसुद्धा होतं. व्हर्जन उशिरा निघेल म्हणून मी ती बाजूला ठेवली, मग घाबरले, मग खोटं बोलले, आणि तेवढ्या एका कारखान्याची फाइल सुधारून गप्प बसले. त्या अपमानाने तू संस्था सोडून गेलास. तरी शंका स्वतःवरच घेतलीस, माझ्यावर नाही. ती मेल पुसायचं धाडस माझं कधीच झालं नाही. आज सकाळी मी ती सगळ्या सभासदांना पाठवली, रामोनाआजींच्या मुलीलाही. पत्र मुद्दाम त्यानंतर लिहायला घेतलं, म्हणजे माघार घेता येऊ नये. त्या मेलची छापील प्रत सोबत आहे. मेंदोसाच्या डॉक्टरांना दाखव. तुला जे आठवत होतं, ते खरं होतं.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेली,
झुलेमा