बाबांच्या नावाचा मीटर

३ मार्च

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

घर लागलं. म्हणजे खोकी अजून तशीच आहेत, पण किल्ली माझ्या पर्समध्ये आहे आणि दिवसातून दहा वेळा मी ती चाचपून बघते. आज वीज कार्यालयात जाऊन मीटर नावावर करायचा अर्ज दिला. नवीन काही लिहिताना जुनं समोर ठेवावं, असं तूच सांगतेस. म्हणून आपल्या घराचं बिल सोबत नेलं आणि रकाने त्यात बघून बघून भरले. खिडकीतल्या बाईंनी न वाचताच शिक्का मारला.

मागची खोली तुझी. ये ना कायमची! बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. एकटी किती दिवस भिंतींशी बोलशील?

आशीर्वाद आहेतच, आता थोडा हट्टही सोड.
तुझी टिटवी

१० मार्च

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

एकटी कोण म्हणालं? जेवणं झाली की तुझ्या बाबांच्या खोलीतला पंखा दोनवर लागतो. लावते मीच, कबूल. पण सवय त्यांची. बिलावर नाव त्यांचं येतं, युनिट दोन माणसांचे येतात. दर महिन्याला अशी खुशाली कळवणाऱ्या माणसाला टाकून मी कशी येऊ?

घरात शिरताना मीटरचा आकडा टिपलास का? नसशीलच. तुझं कायम वरातीमागून घोडं.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी आई

१२ एप्रिल

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

पहिलं बिल आलं. बाबांच्या नावावर! जुन्या बिलातलं नावसुद्धा मी जसंच्या तसं उतरवलं होतं. आधी हसू आलं, मग जिन्यातच बसून राहिले.

पण आई, मी दिवसभर बाहेर, घरी आले की एक दिवा, तरी युनिट दोघांचे आहेत. वायरमन सगळं तपासून गेला, कुठेच दोष नाही म्हणाला. काल अर्धी रजा टाकून दुपारी घरी आले. मागच्या खोलीत मी पाऊलही टाकत नाही, आणि तिथला पंखा फिरत होता. दोनवर. दारातूनच बाबांना हाक मारली; आत जायचा धीर झाला नाही.

पुढच्या सोमवारी नाव दुरुस्त करून येते.

काळजी करू नकोस, असं लिहिणार होते. पण कर.
टिटवी

१५ एप्रिल

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र सोमवारच्या आत पोचावं म्हणून स्वतः पोस्टात जाते आहे. नाव दुरुस्त करू नकोस.

माझंही बिल आलं. युनिट निम्मे. तुझा अर्ज गेला त्या आठवड्यापासून इथला पंखा मी लावला की पाठ वळताच थांबतो. तू हसशील म्हणून बोलले नाही. मला वाटलं, रुसले. आता कळलं, लेकीचं घर बघायला गेले आणि तिथेच रमले. त्यांना पुन्हा निघायला लावू नकोस. रस्ते त्यांना कधीच सापडत नसत.

मी शनिवारी येते. निघताना मेन स्विच खाली करायचा, म्हणून आज एकदा करून पाहिला. वाटलं, आतून कुणीतरी रागावेल. कुणीच रागावलं नाही. घर खरंच रिकामं होतं गं.

मागच्या खोलीत दोन उशा ठेव. भिंतीकडची माझी, त्यांना पंख्याखाली लागतं.

दोघांच्याही भेटीची वाट बघणारी,
तुझी आई