बोटीची मोटर कुणी जाळली, त्याबद्दल

प्रिय दादास,

तुझ्या धाकट्या चुलतभावाचा नमस्कार. कमरेतून वाकून केलाय, आणि पत्र संपेपर्यंत वाकलेलाच राहणार आहे. तुझा भाजलेला अंगठा बरा झाला का? खानावळीत पोटभर देतात का? (फोनवर तू हो म्हणतोस, पण काकीला ते खरं वाटत नाही, आणि भरपाई म्हणून ती मला जास्त वाढते.) इकडे सगळे मजेत, असं लिहायची पद्धत असते म्हणून लिहिलं. खरं म्हणजे कुणीच मजेत नाही. काका वल्ही मारून माणसं पलीकडे नेतात, संध्याकाळी काकी त्यांचे खांदे चोळते, आणि दोघं एकमेकांशी तुझ्याबद्दल न बोलायचं काम फार मन लावून करतात.

आता मोटर जळाली त्या सकाळचं. तू म्हणशील, मला काय सांगतोस, मी तिथेच होतो. होतास, पण तू बोटीत होतास आणि मी धक्क्यावर खांबामागे. खांबामागून बरंच जास्त दिसतं. सुरुवात आदल्या दिवशीची. बॅटरी चोरीला जाऊ नये म्हणून रोज संध्याकाळी काढून घरी आणायची आणि सकाळी परत जोडायची, हे तुझं काम. दोन्ही वायरी काळ्या (मिस्त्रीकडे तेव्हा काळीच शिल्लक होती), म्हणून प्लसच्या वायरीला काकीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. तू ते डोळे मिटून करायचास, आणि डोळे मिटून करतो हे डोळे उघडे ठेवून सगळ्यांना सांगायचास. त्या दिवशी मी म्हटलं, आज मी जोडू? तर तू पलीकडच्या शाळेत जाणाऱ्या बाईंसमोर म्हणालास, "याला? याला प्लस-मायनस कळत असतं तर गणितात तीन वर्षं बसला असता का?" (दोनच वर्षं, दादा. तिसऱ्या वर्षी मला उठवलं.) बाई हसल्या. तेही चाललं असतं. पण त्या हसल्यावर तू जो भांग नीट केलास ना, तो मला लागला.

मग संध्याकाळी वायरीवरचा ठिपका मी ब्लेडने खरवडला आणि काकीची बाटली घेऊन दुसऱ्या वायरीला तस्साच दिला. फार सुबक दिला. डोक्यात एवढंच होतं की सकाळी तू बटण दाबशील, मोटर गप्प बसेल, बाई घड्याळ बघतील, आणि मी ऐटीत येऊन वायरी बदलून देईन. टॉर्चमध्ये सेल उलटा घातला की टॉर्च पेटत नाही, सुलटा केला की पेटतो. माझं विजेचं शिक्षण टॉर्चपर्यंतच झालंय. मोटरचा स्वभाव इतका तापट असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तू दुसरी वायर टेकवलीस आणि फाडकन ठिणगी उडाली, झाकणाखालून धूर, रबर जळल्याचा वास, आणि बाई वह्यांसकट थेट धक्क्यावर (एवढी लांब उडी त्यांच्या शाळेत कुणी मारली नसेल). मला आधी हसू आलं, हेही लिहितो. धूर थांबेना तेव्हा हसू थांबलं.

इथपर्यंत मस्करी होती. पुढची मस्करी नाही. तू मिस्त्रीला आणायला पळालास, बाई घरी परतल्या, काका अजून घरून यायचे होते. तेवढ्यात मी बोटीत उतरलो, नवा ठिपका खरवडला आणि जुन्या जागी परत दिला. बाटली खिशातच होती. मिस्त्रीने आतली फुगलेली काळी डबी काढली, नुसता वास घेतला आणि म्हणाला, "उलटी जोडली कुणीतरी. चार्जिंगचंही गेलं, ठिणगीचंही गेलं. आता नांगर म्हणून वापरा." काका म्हणाले, "एवढा लाल ठिपका दिसला नाही तुला?" तू म्हणालास, "ठिपका बघूनच लावली." "मग हे काय आहे?" दादा, तो ठिपका ओला होता. कुणी बोट लावलं असतं तरी कळलं असतं. पण काका तुझ्या तोंडाकडे बघत होते, आणि तू म्हणालास, "असेल, माझंच चुकलं असेल." मी तिथेच उभा होतो, खिशात बाटली घट्ट धरून.

मग काका म्हणाले, असल्या माणसाच्या हाती बोट देता येणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी तू पिशवी भरून गेलास, गोदामात पेट्या उचलायला. काकी सांगते, तू आता खोलीतला दिवासुद्धा दुसऱ्याला लावायला सांगतोस. ते ऐकल्यापासून मला जेवण जात नाही (वाढलेलं संपवतो, पण जात नाही). तीनदा तुला फोन लावला आणि तुझं "हॅलो" ऐकून ठेवून दिला. तो निनावी माणूस मीच. दादा, तुझं काही चुकलं नव्हतं. तू बरोबर बघून, बरोबर जोडलंस.

तुझा,
कान धरायला जवळ नाहीस म्हणून स्वतःच धरून बसलेला,
धाकटा

ता. क. काकांना अजून सांगितलेलं नाही. दोनदा त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि दोनदा पाणी हवंय का विचारून परत आलो.

आणखी एक ता. क. तुझा पत्ता फक्त काकांच्या वहीत आहे. म्हणून हे पत्र पाकीट न चिकटवता पत्ता घालायला त्यांच्याकडेच देतोय. दुसऱ्याचं पत्र आपण वाचत नाही, असं म्हणत म्हणत ते शेवटपर्यंत वाचतात, तुला ठाऊकच आहे. मी आजचा दिवस पलीकडच्या काठावर आहे.

चिरंजीवास, हे खालचं अक्षर तुझ्या वडिलांचं. पत्ता घातला. वाचणार नव्हतो, पाकीट उघडं होतं. तुला चारचौघांत बोललो, ते चुकलं. दुसरं असं की मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाला होता, फ्यूज असता तर नुसता फ्यूज उडाला असता आणि मोटर वाचली असती. सारखा उडतो म्हणून मागच्या वर्षी फ्यूज काढून तिथे जाड तार मीच बसवली होती. हे घरात कुणाला बोललो नव्हतो. तुझ्या आईला आज सकाळी सांगितलं, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तू घरी ये. फक्त चार दिवस थांबून ये. याला पलीकडून धरून आणलाय आणि वल्ह्यावर बसवलाय, अजून हात नीट सोलले नाहीत.