उरलेलं सूत

प्रिय काजल,

उमरेडला आत्याकडे जाऊन फोन बंद करून बसलीस, म्हणून शेवटी पेन हातात घेतलं. अक्षराला हसू नकोस. घरी सगळं ठीक आहे म्हणावं तर खोटं होईल. माझे गुडघे धरलेत, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तुझीच चौकशी करतो. सांगून सांगून तोंड दुखलं.

काल वकीलबाईंकडे पुन्हा जाऊन आले. त्या म्हणतात, पहिलीच वेळ आहे, सूतही परत मिळालं, म्हणून तुझी कळमेश्वरची कंपनी तक्रार मिटवायला तयार आहे. शनिवारी लोकअदालतीत तू ‘चोरी केली, माफ करा’ एवढं लिहून सही केलीस की खटला चालणारच नाही. नाही केलीस तर तारखांवर तारखा, आणि नोकरी मागायला जाशील तिथे ही केस आडवी येणार.

तू का अडून बसलीस ते मला कळतं वं. आपल्या घरात मागावर उरलेलं सूत विणणाऱ्याचंच. विणायला सूत देणाऱ्या शेठजींनी ते कधी परत मागितलं नाही, बाबांनी कधी लपवून आणलं नाही. तुझी झबली त्याच सुताची. कंपनीतलं उरलेलं सूतही तू तसंच, उघड्या पिशवीत घेऊन निघालीस आणि गेटवर धरली गेलीस. तिथे ती पद्धत चालत नाही, हे तुला सांगायचं आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही.

‘माझी पोरगी चोर नाही’ म्हणून वकीलबाईंच्या टेबलावर हात आपटला तो बाबांनीच, आणि तू तेच धरून बसलीस. माग सुटल्यापासून ते धंतोलीच्या दवाखान्यात गेटवर लोकांच्या पिशव्या तपासतात, आणि आता घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडतात. मला तुम्हा दोघांचाही राग येतो, पण भांडायचं त्राण उरलेलं नाही.

आज सकाळी चहा तसाच ठेवून म्हणाले, “तिले लिही, तुहा बाप जन्मभर सूत चोरूनच आणत होता. बापच चोर निघाला, त तुले सही कराले कायची लाज? कर अन् मोकळी हो.” मी म्हटलं, असलं मी लिहिणार नाही, तुम्हीच उमरेडला जाऊन सांगा. तर म्हणाले, “माह्याकून बोलनं होत नाही.” म्हणून हे पत्र. शनिवारी ये. तुझ्या माफीनाम्यावर साक्षीदाराची सही लागते, ती करायला बाबांनी सुट्टी टाकली आहे.

तुझीच,
आई