घड्याळजीच्या दातांतल्या टाचण्या

ती. मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे माझी नोकरी सोडून.

या वर्षी माझ्या गळ्यात नवा विषय पडला : जुन्या कथा घेऊन लेखक त्यातून नवं कसं घडवतात. (विभागप्रमुखांना वाटलं, हा खास माझा विषय. त्यांना तेव्हा काही माहीत नव्हतं.) दोन महिने मी घसा कोरडा करून सांगितलं की नुसती नावं बदलून भागत नाही, माणूस बदलला की त्याचं दुःखही बदलायला हवं. मग एकेक जुनी कथा हातात देऊन म्हटलं, आपली करून आणा. एकाने म्हातारीची आत्या केली आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं. दुसऱ्याला विचारलं, बाबा रे, तू काय बदललंस? म्हणाला, "सर, फॉन्ट." मी हताश होऊन सगळ्या वर्गाला चोर म्हणालो. याच तोंडाने, मामा.

पुढचा गृहपाठ होता, आवडती कथा निवडा आणि तिचं मूळ शोधा. पहिल्या बाकावरच्या मुलीने (मी तिला मनातल्या मनात तपासनीस म्हणतो) नेमकी माझी कथा निवडली. हो, तीच, जिच्या जोरावर मला ही नोकरी लागली. गेलेल्या भावाचं घड्याळ दुरुस्त करत बसणारा घड्याळजी. भर वर्गात तिने विचारलं, "सर, चौथ्या पानावर घड्याळजीच्या दातांत टाचण्या कशाला?" मी म्हणालो, काळ टोचतो, त्याचं ते प्रतीक. (एका समीक्षकाने तसं छापलं होतं, मी फक्त नाही म्हणालो नव्हतो.) तिचं समाधान झालं नाही. तिने ग्रंथालयात जाऊन कॉलेजचे जुने वार्षिकांक उपसले आणि तुम्ही इथे शिकत असताना लिहिलेली कथा बाहेर काढली. गेलेल्या भावाचा कोट शिवत बसलेला शिंपी. दातांत टाचण्या.

शिंप्याचा घड्याळजी केला, कोटाचं घड्याळ केलं, कात्रीचा चिमटा केला. टाचण्या तेवढ्या राहिल्या.

तिने दोन्ही कथा शेजारी शेजारी चिकटवून खाली लिहिलं, आम्हाला शिकवण्यासाठी सरांनी ही खूण मुद्दाम ठेवली असणार. ते वाचून मला रडू आलं. त्यापेक्षा चिडली असती तर परवडलं असतं. विभागप्रमुखांचा माझ्यावर एवढा विश्वास नाही. शुक्रवारी चौकशी समितीपुढे बोलावणं आहे, आणि नोकरी जाईल असं शिपाईसुद्धा सांगतो.

मला लाज वाटते, मामा. तुम्ही आयुष्यात एकच कथा लिहिलीत आणि विमा कचेरीत चिकटलात. तीही मी तुमच्याकडे राहू दिली नाही.

तुमचा नालायक भाचा

ता. क. : सोबत एक मजकूर आहे : 'माझी कथा भाच्याने माझ्या परवानगीने घेतली.' तेवढा लिहून, सही करून, तेरा वर्षांपूर्वीची तारीख घालून पाठवा. मात्र जसाच्या तसा उतरवू नका, थोडा आपला करा. माझी शैली समिती ओळखते.

आणखी ता. क. : पाकीट शोधताना, माझी कथा छापून आली तेव्हाचं तुमचं अभिनंदनाचं कार्ड सापडलं. त्यावर एकच ओळ आहे : "टाचण्या फार आवडल्या." तेरा वर्षं मी ते कौतुक समजत होतो. सोबतचा मजकूर फाडून टाकला आहे, शोधू नका. शुक्रवारी काय व्हायचं ते होईल. पण मामा, तेव्हाच माझा कान का नाही पिळलात?