पहिल्या पानावर फोटो कुणाचा

२ मे
लिहायला घेतलं ते एकाच कारणानं. काल सभेत गंगारामतात्या सगळ्यांसमोर म्हणाले, "वेबसाइट लांबली ती सचिवबाईंमुळं." माझ्यामुळं! यापुढे कोण काय बोललं ते तारखेसकट इथं.

काम एवढंच — मंडळाच्या मुलींच्या वसतिगृहाची वेबसाइट नव्यानं करायची. जुनीवर अर्ज भरता येत नाही. फॉर्म न्यायला एकदा रत्नागिरी, द्यायला पुन्हा एकदा. गेल्या वर्षी अकरा जणींची मुदत हुकली. चौघी शिक्षण सोडून घरी बसल्या. यंदा १२ मेला अर्ज सुरू झालाच पाहिजे. तारखांचा तक्ता करून भिंतीवर लावला.

५ मे
वेबसाइट करणारा महेंद्र म्हणतो, अर्जाचं पान कधीच तयार आहे. "अडलंय ते पहिलं पान, बाई. वर फोटो कुणाचा?"
अध्यक्षांचा! पण अध्यक्ष दोन. गाव कमिटीचे तात्या, मुंबई कमिटीचे भागोजी.

६ मे
भागोजी फोनवर: "इमारत मुंबईनं बांधली. वर आम्हीच."
तात्या: "आनि जमीन? ती काय मुंबयसून आनलीनी?"

७ मे
तोडगा काढला. दोघंही, शेजारी शेजारी. दोघांना मान्य!
संध्याकाळी — डावीकडे कोण?

९ मे
महेंद्रनं फोटो आळीपाळीनं सरकते केले. तात्या त्याच्या दुकानात घड्याळ घेऊन बसले. "भागोजी चार सेकंद, मी तीन!"
आता दोन्ही कमिट्यांचा ठराव हवा. मुंबईचा पोस्टानं येणार. वेबसाइटचा ठराव — पोस्टानं!

१० मे
तात्यांना मुदतीची आठवण दिली.
"घाय कसली, बाई? माझी संस्कृती हाय ना यंदा दहावीला. नातीचा फॉर्म मी सोता आनीन. मंगे बाकीच्यांचं बघूया."

१२ मे
पोस्टमन आला. ठराव नाही.
तडक महेंद्रकडे गेले. म्हटलं, सगळे फोटो काढ. अर्ज तेवढा ठेव आणि चालू कर.
"बाई, तुम्हालाच काढतील."
"तू चालू कर."
दुपारी बाराला सुरू. तक्त्यावर खूण केली — वेळेवर.

१४ मे
काढलं. दोन्ही कमिट्यांनी, एकमतानं. हा ठराव मात्र व्हॉट्सॲपवर आला. नऊ मिनिटांत!

१६ मे
कार्यभार तात्यांच्या हाती दिला. पासवर्डचं पाकीट एक. कपाटाची किल्ली एक. भिंतीवरचा तक्ता. पदाधिकाऱ्यांचे फोटो बावीस, न वापरलेले. आलेले अर्ज त्रेपन्न, छापून, क्रमवार.

तात्यांनी वरचाच उचलला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. क्रमांक एक, १२ मे, बारा वाजून चार मिनिटं — संस्कृती.

"मला बोलली नाय," म्हणाले.

पोचपावतीवर सही घेतली.